लेकराचा तिसरा वाटेकरी

वऱ्हाडातल्या घरात मूल जन्मलं की त्याचे वाटे आधीच ठरलेले असत. पहिलं बाळंतपण सुनेच्या माहेरी, म्हणून पहिली आंघोळ आणि पहिली मालिश आईच्या आईच्या हातची. नाव ठेवायचं ते आत्यानं, बाळाच्या कानात सांगून. उष्टावणाचा पहिला घास मामाचा, जावळ उतरायचं ते मामाच्या मांडीवर, आणि कान टोचताना रडणाऱ्या पोराला आवळून धरायचं कामही त्याच मांडीचं. खर्च बापाचा, खाणंपिणं आणि दुखणंखुपणं आजीच्या हाती, शेवटचा शब्द आजोबाचा. अमरावती-अकोल्याकडच्या कुणबी, माळी, तेली, परीट अशा शेतीवर आणि कारागिरीवर जगणाऱ्या घरांत तपशील थोडे इकडेतिकडे होत, पण ही वाटणी सगळीकडे ओळखू येण्याइतकी सारखी होती. आपण या रीतींकडे हौसमौज म्हणून पाहतो. मला त्यांत मुलावरच्या हक्कांची आणि जबाबदाऱ्यांची एक नोंदवही दिसते. नवराबायकोचं मुलांवरून होणारं भांडण या नोंदवहीच्या आधारानं सावरलं जाई, आणि ते चिघळे तेही तिच्यातल्या एका उणिवेमुळेच. आत्या आणि मामा यांचं काम बोटावर मोजता येईल इतकं नेमकं होतं. सासू-सासऱ्यांच्या अधिकाराला मात्र काठच नव्हता. एकत्र कुटुंब चांगलं की वाईट हा वाद आपण शंभर वर्षं घालतो आहोत. तिसऱ्या माणसाचं काम ठरलेलं होतं की मोकाट होतं, हा प्रश्न त्या वादात कधी नीट विचारलाच गेला नाही.

हा प्रश्न विचारायची भाषा फॅमिली थेरपीनं दिली. अमेरिकेत मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञानं १९५४ पासून पाच वर्षं बेथेस्डा इथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत एक प्रयोग केला: रुग्णाबरोबर त्याचं कुटुंबच वॉर्डात राहायला आणलं. त्यातून त्याच्या हाती जे लागलं त्याला तो त्रिकोण म्हणतो. दोन माणसांतला ताण वाढला की ती दोघं तिसऱ्याला आत ओढतात. तेवढ्यापुरता ताण हलका होतो, पण मूळ भांडण तसंच राहतं. नवराबायकोच्या भांडणात हा तिसरा बहुतेक वेळा मूलच असतं. याच क्षेत्रातल्या जे हेलीनं त्यात भर घातली ती पिढ्या ओलांडून होणाऱ्या छुप्या युतीची: आई आणि मुलगा मिळून बापाविरुद्ध, किंवा आजी आणि नातू मिळून आईविरुद्ध, आणि विचारलं तर अशी युती आहे हे कोणीच कबूल करत नाही. साल्व्हादोर मिनुचिननं १९७४ च्या आपल्या पुस्तकात घराच्या रचनेवर बोट ठेवलं. आईबाप हा घरातला एक वेगळा गट. त्याच्या सीमा स्पष्ट असल्या तर मुलं सुरक्षित, सीमा पुसट झाल्या की मूल मोठ्यांच्या भांडणात हत्यार बनतं. इथवर वाचून कोणी म्हणेल की मग वऱ्हाडातलं जुनं घर म्हणजे या शास्त्राच्या हिशेबानं आजाराचंच घर. पण मिनुचिनचं म्हणणं तसं नाही. आईबापाच्या गटात आजी असली तरी चालतं, फक्त कोणाचा अधिकार कुठं संपतो हे सगळ्यांना ठाऊक असलं पाहिजे, असं तो स्पष्ट सांगतो. या एका वाक्याच्या उजेडात वऱ्हाडच्या रीती पुन्हा तपासाव्यात असं मला वाटतं.

आधी उणीव पाहू, कारण खरी कळ तिथं आहे. जुन्या घरात तरुण बाप ओसरीवर आपल्या वडिलांदेखत स्वतःचं मूल उचलून घेत नसे. काकानं घेतलं तर चाले, गड्यानं खांद्यावर बसवलं तर चाले. बापानं घेतलं तर ते चारचौघांत बायकोचं कौतुक केल्यासारखं दिसे. सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकात भारतीय बापाच्या या दुराव्याचा मानसिक अर्थ लावला आहे. बाप मुलापासून दूर, म्हणून आई आणि मुलगा एकमेकांना घट्ट. आणि पुढं तोच मुलगा नवरा झाला की त्याच्या आयुष्यातली पहिली बाई त्याची आईच राहते. परिणाम असा की आईबाप हा गट म्हणून उभाच राहत नसे. पोराला शाळेत घालायचं की गुरांमागे धाडायचं, पोरीचं लग्न यंदा करायचं की दोन वर्षं थांबायचं, यावर नवराबायकोनं एकमेकांशी थेट बोलायला घरात जागाच नव्हती. सून सासूला सांगणार, सासू मुलाच्या कानी घालणार, मुलगा वडिलांच्या तोंडाकडे पाहणार. भांडण दिसे सासू-सुनेचं. असे ते नवराबायकोचं. म्हणून जुन्या घरांत नवराबायकोचे वाद कमी होते ही समजूत मी मान्य करत नाही. वाद होते, त्यांचं नाव बदललेलं होतं. आणि त्यांची किंमत घरात सर्वांत कमी अधिकार असलेली बाई मोजत होती.

या गुंत्याला वऱ्हाडात आणखी एक पीळ होता. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथात दाखवलं आहे की मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मान्य आहे आणि उत्तरेकडे ती निषिद्ध आहे. मामेबहीण बायको झाली की सुनेची सासू ही तिची सख्खी आत्या होते, आणि मुलाचा आईकडचा आजोबा हा त्याच्या बापाचा मामा असतो. दोन घरं मिळून जे वजन तोलायचं ते इथं एकाच घरात येतं. याचा फायदा खरा आहे: आत्याच्या घरी गेलेली पोर अगदीच परक्या दारी जात नाही, आणि तिच्या लेकरावर दोन्हीकडून सारखीच माया असते. पण नवऱ्याशी किंवा सासूशी बिनसलं तर तक्रार न्यायची कुठं? बापाकडे न्यावी तर बाप सासूचा भाऊ. बोवेनच्या त्रिकोणात तिसरा कोन बाहेरचा असला तर निदान थोडी हवा येते; इथं तिन्ही कोन एकाच भिंतीला टेकलेले. सुनेनं गप्प बसावं याची सोय नात्यानंच करून ठेवलेली असे.

आता मामाकडे येतो. या व्यवस्थेची चांगली बाजू तिथं आहे, आणि तिचं सर्वांत ठसठशीत उदाहरण वऱ्हाडला पाठ आहे. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात जन्मले. वडील दारूपायी गेले तेव्हा डेबूजी लहान होता. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, आणि मुलगा आजोबा-मामांच्या घरी वाढला. गुरं राखली, नांगर धरला, शेतकामात तरबेज झाला. पुढं सावकारानं मामाची जमीन कर्जात ओढली तेव्हा ती घालमेल भाच्यानं जवळून पाहिली आणि तो सावकाराविरुद्ध उभाही राहिला. मामाचं घर हा नुसता कोरडा आसरा नव्हता. मुलाला तिथं कामाचं शिक्षण मिळालं, पुरुषाचा धाक मिळाला, आईला तिच्या माणसांत राहता आलं. पण त्याची सीमाही उघड होती. भाच्यानं मामाच्या शेतात राबावं, खावं, मोठं व्हावं. त्या शेतावर त्याचा वारसाहक्क नाही. दोन्ही बाजूंना हे पक्कं ठाऊक असल्यामुळे नातं टिकत असे. तिसऱ्या माणसाचं काम ठरलेलं असणं म्हणजे काय, ते दापुऱ्याच्या या घरात दिसतं.

याच माणसाच्या आयुष्यात दुसरी बाजूही सापडते. लेकीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत घालायची ही बिरादरीची रीत. डेबूजीनं ती मोडली आणि गोडाचं जेवण वाढलं. लोक चिडले. चरित्रांत हा प्रसंग दारूबंदीच्या प्रचाराची सुरुवात म्हणून येतो आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते: मुलाच्या कार्यात काय व्हावं हे ठरवायचा अधिकार एका तरुण बापानं पंगतीच्या हातून काढून आपल्या हाती घेतला. ज्या काळात बाप ओसरीवर मूल उचलत नव्हता त्या काळात ही मोठी गोष्ट होती. मात्र १ फेब्रुवारी १९०५ रोजी हाच बाप घर सोडून गेला आणि पोरांचा सांभाळ त्याची बायको कुंताबाई यांच्यावर पडला. त्या निर्णयात त्यांचं मत काय होतं, याला चरित्रकारांनी फारशी जागा दिलेली नाही. मला ही उणीव फार बोचते, कारण वऱ्हाडातल्या पालकपणाचा इतिहास अशाच न लिहिलेल्या पानांत दडलेला आहे.

एक पान मात्र लिहिलं गेलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेच्या खटल्याचं. अनैतिक ठरवलेल्या नात्यातून झालेलं मूल मारल्याबद्दल तिला आधी फाशीची, मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या मुलाच्या बापाचा प्रश्नच कोणी विचारला नाही. ताराबाईंचा संताप नेमका इथं आहे. मुलाची सगळी जबाबदारी बाईची आणि सगळा न्यायनिवाडा पुरुषांचा, ही विषम वाटणी त्यांनी वऱ्हाडात बसून जगासमोर उघडी केली. ब्राह्मणेतर जातींत पाट लावायची मुभा होती, जातपंचायत फारकतही देत असे; त्या अर्थानं इथल्या बाईला ब्राह्मण विधवेपेक्षा जास्त वाट मोकळी होती. पण फारकत झाली की लेकरं बहुधा बापाच्या घरी राहत आणि दूध तुटेपर्यंतचं तान्हं तेवढं आईबरोबर जाई. पाट लावायला निघालेल्या बाईला पोटच्या पोराची किंमत देऊन ती मोकळीक घ्यावी लागे. पंचायत हाही तिसरा माणूसच होता, पण त्याच्या बैठकीत आईला आवाज नव्हता.

इथं एक वजनदार आक्षेप येतो. वऱ्हाडातल्या घरांतली भांडणं त्रिकोणांनी आणि सीमांनी काय समजावता, ती कापसाच्या भावानं समजावा. आक्षेप खोटा नाही. १८५३ साली निजामानं हा प्रांत इंग्रजांकडे सोपवला, १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे दिवस आले, रेल्वे आली, जिनिंग आले, आणि घराचं वर्ष कापसाच्या वर्षाला बांधलं गेलं. आजही पाहा: विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे पेरणीच्या ऐन तोंडावर. एकाच महिन्यात बियाणं-खताचे पैसे आणि शाळेची फी, गणवेश, वह्या-पुस्तकं. मागच्या हंगामाचा पैसा तोवर संपलेला, नवा कापूस दिवाळीच्या पुढं. बायको म्हणते पोराची फी आधी, नवरा म्हणतो पेरलं नाही तर पुढच्या वर्षी फी कुठून. वरवर पाहता हा शिक्षणावरचा मतभेद दिसतो, आणि गावभर तो तसाच सांगितला जातो: बापाला पोराच्या शिक्षणाची पर्वा नाही, बाईला शेती कळत नाही. पण इथं आक्षेप आणि सिद्धान्त एकमेकांना खोडत नाहीत. ताण कुठून येतो हे कापूस सांगतो. ताण आल्यावर तो कोणाच्या अंगावर ढकलला जातो हे बोवेन सांगतो. पैशाची चणचण सारखीच असलेल्या दोन घरांपैकी एका घरात नवराबायको सावकाराला किंवा सोसायटीला मिळून तोंड देतात आणि दुसऱ्या घरात दहा वर्षांचं पोर ‘तूच सांग, कोण बरोबर’ या प्रश्नापुढं उभं केलं जातं. हा फरक भावानं पडत नाही.

शिक्षणानं या घरांत आणखी एक तिसरा आणला, आणि तो बराच काळ उपकारक ठरला. पापळ गावचे पंजाबराव देशमुख विलायतेहून शिकून आले, १९२० च्या दशकात त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था सुरू केली. खेड्यातली पोरं अमरावतीला येऊन सर्व जातींच्या पोरांबरोबर राहू लागली. पोराला पुढं शिकवायचं की नाही या घरातल्या वादात वसतिगृह ही ठाम, मर्यादित कामाची तिसरी जागा होती: राहणं, जेवण, अभ्यास, शिस्त, एवढंच. आजी-आजोबांच्या विरोधाला उत्तर देण्यासाठी सुनेला भांडावं लागत नसे. संस्थेचं नाव पुरत असे. आताचं चित्र वेगळं आहे. अकोला हे पश्चिम विदर्भातलं कोचिंग क्लासेसचं मोठं केंद्र झालं आहे. अनेक घरांत आई पोराला घेऊन शहरात खोली करून राहते आणि बाप शेतीपायी गावात. दोन-तीन वर्षं नवराबायकोमधला जवळपास सगळा संवाद पोराच्या मार्कांवरून होतो. क्लास हे वसतिगृहासारखं तिसरं ठिकाण नाही, कारण तो फक्त निकालाची जबाबदारी घेतो. मुलाचं मन, त्याची झोप, त्याचं एकटेपण कोणाच्याच वाट्याला लिहिलेलं नसतं. आणि मूल एकाच वेळी आईचा सोबती आणि बापाच्या कर्जाचं कारण बनतं.

मामाचं काय झालं, हाही इतिहासाचाच भाग आहे आणि तो सांगताना लोक संकोचतात. वडिलोपार्जित जमिनीत बहिणीनं वाटा मागावा ही कालपर्यंत कल्पनाच नव्हती. बहीण हक्कसोडपत्रावर सही करायची. त्याबदल्यात भाऊ तिच्या बाळंतपणापासून तिच्या पोरांच्या लग्नापर्यंत उभा राहायचा. जावळाची मांडी ही त्या न लिहिलेल्या कराराची पावती होती. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. हा न्याय होता आणि तो उशिरा झाला, यात मला शंका नाही. पण त्यानं जुना करार उघडा पाडला. वाटा मागणाऱ्या बहिणीच्या घरी भाऊ जायचा थांबला, आणि वाटा न मागणारीलाही पूर्वीसारखा आधार मिळेल याची खात्री राहिली नाही, कारण तुकडे होत होत जमीनच उरली नाही. मामाचा कोन रिकामा झाला. सासू-सासरे बहुधा गावात राहिले. मग नवराबायकोच्या मध्ये उभं राहायला घरात एकच माणूस उरलं, ते मूल.

फॅमिली थेरपीचं हे शास्त्र परदेशी, एकट्या-दुकट्या गोऱ्या कुटुंबांचं, ते आमच्याकडे कशाला, असंही म्हटलं जातं. मिनुचिनचा पाया मुळात तसा नाही. त्याची पहिली मोठी मांडणी न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेत आलेल्या गरीब कृष्णवर्णीय आणि प्वेर्तोरिकन मुलांच्या घरांवर उभी होती, आणि त्या घरांत आज्या होत्या, मावश्या होत्या, धाकट्यांना सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणी होत्या. आणि बोवेन कुटुंबांना वॉर्डात आणत होता त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू टाकून राहायला बोलावत होते. खाटा कमी होत्या हे एक कारण होतं, पण त्यातून उपचारात घर सामील झालं. खरा धोका दुसरीकडे आहे आणि तो याच शास्त्रातल्या स्त्रियांनी दाखवला. रेचल हेअर-मस्टिन यांनी १९७८ मध्ये लिहिलं की घराच्या रचनेकडे तटस्थपणे पाहणारा उपचारक घरातली सत्तेची विषमताही तशीच मान्य करून बसतो. वऱ्हाडात याचा अर्थ सरळ आहे. मार खाणाऱ्या बाईला ‘त्रिकोण समजून घ्या’ म्हणणं क्रूर आहे. तिथं आधी संरक्षण, मग समजुतीच्या गोष्टी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढं ते कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले, त्यामागचा क्रम हाच आहे.

आता पंचायतीची जागा कौटुंबिक न्यायालयानं घेतली आहे. अमरावतीतही आहे, अकोल्यातही. १९८४ च्या कायद्यानं तिथं समुपदेशक दिले, आणि वकील घेणं हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क ठेवला नाही, म्हणजे नवराबायकोनं आपल्या तोंडानं बोलावं. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यानं बापाला आधी आणि त्याच्यानंतर आईला नैसर्गिक पालक म्हटलं होतं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन यांच्या प्रकरणात ‘त्याच्यानंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही हे स्पष्ट केलं. ओसरीवर मूल न उचलणाऱ्या बापाच्या आणि बैठकीत आवाज नसलेल्या आईच्या प्रांतात या दोन गोष्टींचं मोल मोठं आहे. पण समुपदेशनाच्या खोलीत आजही बहुधा तीनच माणसं मोजली जातात: आई, बाप, मूल. बाहेर बाकावर आजी, मामा, आत्या बसलेले असतात आणि त्यांच्याकडे अडथळा म्हणून पाहिलं जातं. शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या बायांच्या बाबतीत तर सासर जमीन आणि नातू दोन्ही धरून ठेवतं, आणि तेव्हा माहेरचा माणूस किती कामाचा असतो हे गावोगाव दिसलं आहे. १८९० च्या पालक-पाल्य कायद्याच्या आठव्या कलमात मुलाचा कोणीही नातेवाईक किंवा स्नेही पालकत्वासाठी अर्ज करू शकतो. मामाची जागा कायद्यानं कधी बुजवली नाही. फक्त तो अर्ज येतो तेव्हा भांडण शेवटाला पोचलेलं असतं. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्याचं नववं कलम तडजोडीसाठी न्यायालयाला आपली रीत आखायची मोकळीक देतं. त्याच्या आधारानं मामाला आणि आत्याला पहिल्याच बैठकीला आत बोलावता येईल, आणि दोघांनी काय करायचं व काय करायचं नाही हे कागदावर लिहून घेता येईल: सुट्टीत पोर कोणाकडे, आजारपणात कोण येणार, शाळेच्या निर्णयात कोण बोलणार नाही.